मोठ्या इंचाची पट्टी

सतरा वर्षं झाली, पतसंस्थेची पिग्मी गोळा करतोय.
लक्ष्मीपुरी, उद्यमनगर, शेवटी गंगावेश.
कुणाचे पन्नास, कुणाचे वीस, एखाद्याचे दहाच.
पावती फाडायची, स्थळप्रतीवर सही घ्यायची,
आणि काही सापडलंच
तर तिच्याच पाठीमागं दोन शब्द टिपायचे.

ऑडिटरनं एकदा चष्मा वर करून विचारलं,
"'म्हशीनं ओळख दिली नाही'
हे कुठलं खातं?"

बायाक्काचं.
कट्ट्यावर म्हैस उभी, गिऱ्हाईक ग्लास धरून पुढ्यात,
आणि म्हैस पान्हा सोडेना.
बायाक्का बावीस दिवस दवाखान्यात होती,
तेवढ्यात जनावर सुनेच्या हाताला सवकलं.
मग हिनं काय करावं,
सुनेचं लुगडं नेसून धारेला बसली.
सांगताना एवढी हसली, एवढी हसली,
की पदर डोळ्याला लावावा लागला.
वीस रुपये दिले. म्हणाली,
"सुनंला सांगू नगंस."

विसाव्या वर्षी मी एक कादंबरी लिहिली होती.
तीत नऊ तलवारी होत्या, दोन हत्ती,
आणि चारशे पानांत
एकाही माणसाला भूक लागली नव्हती.
ती माळ्यावर आहे. असू दे.

दस्तगीर शिकलगाराच्या खिळ्याला एक कात्री टांगलेली.
कुणी शिंपी धार लावायला देऊन गेला,
चार वर्षं झाली, फिरकला नाही.
दर शुक्रवारी दस्तगीर तिला तेलाचं बोट लावतो.
"आला न् गंजलेली दिली,
तर माझं नाव काय ऱ्हाईल?"
हे लिहून काढायला बसलो, तर
याच्यापुढं एक ओळ सुचेना.
दस्तगीरलाही सुचत नाही. तो फक्त तेल लावतो.

आणि यल्लाप्पा मेस्त्री.
उद्यमनगरात बोळाच्या टोकाला त्यांचं पॅटर्नचं दुकान.
सागवानात पंपाचं पोट कोरायचं,
ते फाउंड्रीत जायचं, वाळूत उमटायचं,
पुढं कुठल्या विहिरीवर पाणी ओढायचं ते यांना ठाऊक नाही.
त्यांची पट्टी चोवीस इंचांची,
बाजारातल्या पट्टीला लावली तर पाव इंच लांब.
"बीड गार होताना आटतंय.
म्हणून लाकूड आधीच थोराड ठेवायचं.
आटून आटून बरोबर मापाला येतंय बघ."

घरी येईपर्यंत सायकलवर
ते एकच वाक्य घोळवत होतो.
गोष्ट लिहिली. मेस्त्रींना थोराड केलं.
शेवटी कामाच्या बाकावर डोकं टेकवून
त्यांना मरू दिलं.
दिवाळी अंकात छापून आली.

त्यांच्या लेकीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली,
हे मला कळलं, तेव्हा
तीन दिवस त्या बोळात गेलो नाही.
चौथ्या दिवशी जावंच लागलं, हप्ता थकला होता.

मेस्त्रींनी तीन दिवसांचे दीडशे मोजून ठेवले होते.
"ये. मारलास मला, असूंदे.
माणूस कवा तरी जातोयच.
पण सागवानावर रंधा उलट्या अंगानं फिरवलास गा!
कोण मेस्त्री वाचंल
तर काय म्हणंल मला?"

रंधा माझ्या हातात दिला.
उलटा फिरवायला लावला आधी.
लाकूड उचकटलं, खडबडलं, माझ्याच तळव्याला कूस गेली.
"आता हिकडनं."

एवढंसं दाबलं
आणि पिवळट, पातळ, गुंडाळत जाणारा
एक छिलका निघत राहिला,
तुटेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.
"ह्ये लिव्ह," ते म्हणाले. "न् मला मारायचं
त्ये तुझं तू बघ."

संध्याकाळी भरणा करताना
नोटांच्या गड्डीतून तो छिलका टेबलावर पडला.
कॅशियरनं उचलला, वास घेतला,
उजेडात धरून आरपार बघितलं.
"आणि याची पावती?"